स्लगची निवड आणि आपल्या शेतावरची दुनळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला बिबट्याने वासरू उचलून नेल्याची बातमी आपल्या दैनिकात आली, आणि चारच दिवसांनी त्यावर एका वाचकबंधूंचे पत्रही छापून आले. शेतावर मुक्कामाला राहणाऱ्या प्रत्येक बंदूक परवानाधारकाने छऱ्यांची काडतुसे बाजूला सारून बारा बोअरचे स्लग, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच अखंड गोळा असलेली काडतुसे, जवळ ठेवावेत, आणि तेही मिळतील तेवढे जड व वेगवान घ्यावेत, असा त्यांचा सल्ला होता. माझी वडिलोपार्जित शेती त्याच पट्ट्यात आहे आणि वडिलांची दुनळी माझ्या परवान्यावर चढून बरीच वर्षे झाली आहेत. त्यामुळे हा सल्ला कुणी जसाच्या तसा अमलात आणण्याआधी काही गोष्टी स्पष्ट व्हाव्यात, असे मला वाटते.

स्लग चांगला की वाईट हा प्रश्न हवेत सुटत नाही. तो कोणत्या जनावरासाठी आणि कोणत्या नळीतून सुटणार, यावर सगळे अवलंबून असते. जड स्लगची कीर्ती झाली ती अलास्का आणि कॅनडातील तपकिरी अस्वलांमुळे. तेथे कित्येक क्विंटल वजनाचे, दाट केसांचे आणि खांद्यावर मांसाचा जाड थर असलेले जनावर समोरून धावत येते, तेव्हा छऱ्यांचे प्रत्येकी साडेतीन-चार ग्रॅमचे दाणे वरच्या वर अडकण्याची भीती असते. एक औंसाचा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा, शिशाचा अखंड गोळा मात्र खोल जाऊ शकतो. त्यातही तिथले जाणकार मऊ शिशाच्या, मागून पोकळ असलेल्या फॉस्टर पद्धतीच्या स्लगपेक्षा जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये काढलेल्या भरीव पद्धतीला पसंती देतात, कारण मऊ गोळा हाडावर आपटला की चपटा होऊन तिथेच थांबतो. तिथल्या जनावराच्या मानाने हा हिशेब बरोबरच आहे.

आपल्याकडचा बिबट्या पन्नास-साठ किलोचा, पातळ कातडीचा असतो. तो अंगावर आलाच तर आठ-दहा पावलांवरून येतो, आणि तेवढ्या अंतरावर फुल चोकच्या, म्हणजे टोकाशी पुरती आवळलेल्या, नळीतून सुटलेले एसजीचे, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसाचे, दाणे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पडतात. ‘छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही’ हा आपल्या बैठकांतला लाडका समज इतक्या जवळून साफ खोटा ठरतो. तिथे एसजीलाही स्लगइतकाच नेम लागतो. राहिला प्रश्न खोलीचा, आणि बिबट्यासाठी ती एसजीमध्ये पुरेशी असते. लांब केसांच्या, शंभर किलोच्या पुढे जाणाऱ्या आपल्या काळ्या अस्वलाचा विचार केला तर स्लगच्या बाजूने काही बोलता येईल, हे मी मान्य करतो. खिवनीच्या जंगलाकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी तो विचार अवश्य करावा. आमच्याकडच्या सिमरोलच्या शेतकऱ्याला मात्र तो तितकासा लागू नाही.

आता नळीकडे वळतो, कारण पत्रलेखकांची खरी चूक तिथे आहे. स्लगच्या अंगावरच्या तिरप्या खाचा त्याला रायफलच्या गोळीसारखी फिरकी देतात, असे त्यांनी लिहिले आहे. त्या खाचांनी मिळणारी फिरकी नावापुरतीच असते. गोळा चोकच्या अरुंद भागातून जाताना शिशाला दबायला जागा मिळावी, हे त्यांचे मुख्य काम. फॉस्टरचा स्लग सरळ जातो तो पुढचा भाग जड आणि मागचा पोकळ असल्यामुळे. बॅडमिंटनचे फूल जसे कसेही मारले तरी बूच पुढे करूनच जाते, तसा. प्लास्टिकच्या आवरणातले सॅबो स्लग ही निराळी जात असून ती आटे पाडलेल्या नळीसाठीच बनते. आपल्या गुळगुळीत नळीतून ते सोडले तर पुरेशी फिरकी मिळत नाही, आणि मग गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. म्हणजे परदेशी जाहिरातीत शंभर मीटरवर अचूक म्हणून मिरवणारे काडतूस आपल्या दुनळीत साध्या स्लगपेक्षाही वाईट ठरते, आणि पैसे मात्र जास्त घेऊन जाते.

आपल्या बहुतेक दुनळ्यांची डावी नळी फुल चोकची असते. नळीच्या टोकाशी सुमारे एक मिलिमीटरचे आकुंचन असते, आणि स्लग बनवणारे बहुधा सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर चोकच, म्हणजे न आवळलेली किंवा किंचित आवळलेली नळीच, सुचवतात. जुन्या शिकाऱ्यांच्या पेटीत अजूनही सापडणारे भरीव गोल गोळ्यांचे काडतूस तर फुल चोकमधून कधीही सोडू नये. नळीला फुगवटा येण्याचा किंवा ती फाटण्याचा धोका असतो.

स्वतःचा अनुभव सांगतो. मी रेंजवर पंचवीस मीटरवर कागद लावून उजव्या नळीतून तीन स्लग सोडले. ते तळहातात मावतील इतके जवळ लागले आणि मी खूश झालो. मग डाव्या नळीतून तीन सोडले, तर ते वीतभर बाजूला आणि वर गेले. दुनळीच्या दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळवलेल्या असतात त्या छऱ्यांच्या वजनासाठी आणि वेगासाठी. स्लग त्या जुळणीला जुमानत नाही. शिवाय नळीच्या टोकावर नेमासाठी एवढासा पितळी मणी, त्यामुळे डोके किंचित वर उचलले गेले तरी गोळी उंच जाते. कागदावरची वीत फार वाटत नाही. रात्री, बॅटरीच्या उजेडात, हात थरथरत असताना तिचे काय होईल ते ज्याने त्याने ठरवावे. आपल्या बंदुकीतून, विकत घेतलेल्या त्याच काडतुसाने, दोन्ही नळ्यांतून कागदावर मारून पाहिल्याशिवाय स्लग खिशात ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

याहून गंभीर गोष्ट चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या भागाच्या, लांबीची आहे. वडिलांच्या काळातल्या पुष्कळ बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची बरीच काडतुसे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची असतात, आणि पत्रलेखकांनी ज्यांची शिफारस केली ती ‘मॅग्नम’ तर तीन इंची. काडतुसाची ही लांबी उघडल्यानंतरची असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसते आणि कुणाला शंकाही येत नाही, पण उडताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. चेंबरची लांबी बहुधा नळीखालच्या सपाट भागावर कोरलेली असते. ती नसेल किंवा वाचता येत नसेल तर कारागिराकडून मोजून घ्यावी. पूर्वीच्या दमास्कस, म्हणजे पट्ट्या गुंडाळून केलेल्या नळीच्या बंदुका तर आता भिंतीवरच शोभतात.

स्लग आणखी एका कारणाने जपून वापरण्याची वस्तू आहे. एक औंसाचा फॉस्टर स्लग नळीतून सेकंदाला सुमारे ४८० मीटर वेगाने निघतो. पन्नास यार्डांवर त्याची चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा सरलेली असते हे खरे, पण उरलेली माणसाचा जीव घ्यायला पुरून उरते आणि चुकलेला गोळा कित्येक शेते ओलांडून जातो. आमच्या भागात प्रत्येक विहिरीवर एक खोपटे आणि त्यात एक झोपलेले कुटुंब असते. अलास्काच्या ओसाड नदीकाठी सुटलेल्या गोळीला अशा पाहुण्यांची चिंता नसते.

कायद्याचा उल्लेख त्या पत्रात मुळीच नव्हता, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११(२) प्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्हेतूने वन्यप्राण्याला मारणे वा जखमी करणे हा गुन्हा ठरत नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करत असेल तर हे संरक्षण मिळत नाही. या पोटकलमात वासराचा, बकरीचा किंवा पिकाचा उल्लेख नाही. बिबट्या, वाघ आणि अस्वल हे तिन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा गोठ्यातून वासरू ओढून नेणाऱ्या बिबट्यावर चालवलेली गोळी बचावात मोडेल या भ्रमात कुणी राहू नये. बचावात मारले गेलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते, त्याला हात न लावता वनखात्याला कळवावे लागते. वासरू गेले तर त्याचीही खबर ताबडतोब द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचे हलवू नये. नुकसानभरपाईची अनेक प्रकरणे याच घाईत बिघडतात.

आणि अलास्काचाच दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. तेथील १८८३ ते २००९ या काळातल्या, बंदूकधारी माणसाची अस्वलाशी गाठ पडलेल्या २६९ प्रसंगांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असूनही चालवली नाही, त्यांच्या दुखापतीत अभ्यासकांना फरक आढळला नाही. अचानक आलेल्या जनावरापुढे बंदूक खांद्याला लावायलाच पुष्कळांना वेळ मिळत नाही. त्याआधी २००८ मध्ये, अस्वलासाठी बनवलेल्या तिखटाच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांच्या बाबतीत १०० पैकी ९२ वेळा काम केल्याचे त्याच अभ्यासकांच्या गटाने नोंदवले होते. बाजारात पर्समध्ये ठेवायला मिळणारी छोटी डबी म्हणजे तो फवारा नव्हे, हे येथे सांगून ठेवतो.

२०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ३,९०७ बिबटे असल्याचा अंदाज आला, म्हणजे देशात सर्वाधिक. २०२३ च्या उन्हाळ्यात तर महूच्या आसपास वाघही फिरत होता. जनावर आहे, आणि भीती खोटी नाही. पण माझ्या गड्याने आजवर बंदुकीविना ज्या युक्तीने निभावले ती साधी आहे. रात्री पाणी द्यायला जाताना तो मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो, एकटा जात नाही, आणि बारे फोडायला ओणवा होतो तेव्हा सोबतचा माणूस उभा राहून चौफेर बॅटरी फिरवतो. बसलेला किंवा वाकलेला माणूस अंधारात बिबट्याला आपल्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीचा दिसतो, आणि जोखीम तिथे वाढते. गोठ्याला वरून जाळी आणि दाराला कडी, एवढ्यावर आमचे वासरू तरी सुरक्षित आहे.

माझ्याकडे आज चार स्लग आहेत. ते फक्त उजव्या नळीत घालायचे म्हणून डबीवर तसे लिहून ठेवले आहे. वडिलांच्या वेळची कागदी टरफलांची काडतुसे पावसाळ्यांच्या ओलीने फुगली आहेत. ती नष्ट कशी करावीत याबद्दल ठाण्यात अर्ज देऊन दीड महिना झाला, उत्तर अजून यायचे आहे.

आपल्याकडे जागेची अडचण असते याची कल्पना आहे, तरी हे पत्र गव्हाच्या पहिल्या ओलितापूर्वी छापावे ही विनंती. शेतीची वीज रात्रीची सुरू झाली की माणसे शेतावर मुक्कामाला जातात, आणि तोवर त्यांनी निदान आपल्या बंदुकीचे चेंबर मोजून घेतलेले असावे.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी,
सुदामानगर, इंदूर