गेटच्या आर्गॉन वेल्डिंगचं कोटेशन : तिसरं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,

स.न.वि.वि.

याआधी दोन पत्रं दिली. पहिल्याचं उत्तर नाही, आणि दुसऱ्याचं काय झालं तर मागच्या मीटिंगला त्यावर वेफर्स ठेवलेले होते, माझं अक्षर मी लांबूनही ओळखतो. असो. मी भांडायला लिहीत नाहीये.

मेन गेटचे दोन पल्ले आणि टेरेसचं रेलिंग, याच्या नुसत्या वेल्डिंगचं ४८,९०० चं कोटेशन कमिटीने पास केलं हे मला वॉचमनकडून कळलं. वॉचमनकडून! आपण ४२ सभासद, म्हणजे उपविधीप्रमाणे सर्वसाधारण सभेला न विचारता एकावेळी ५०,००० पर्यंतच दुरुस्ती करता येते, आणि कोटेशन बरोब्बर अकराशेने कमी. योगायोग असेल. फॅब्रिकेटर सेक्रेटरींच्या ओळखीचा आहे हाही योगायोगच.

भोसरीत एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये २६ वर्षं मी एस्टिमेशनच (कामाला खर्च किती येईल तो हिशोब) केलंय, त्यामुळे या विषयातलं मला जरा जास्त कळतं, हे मी नाही, बी विंगमधले सगळेच म्हणतात. मीटिंगमध्ये म्हणे तुलना एवढीच झाली की रॉड (साधं, काडी वितळवून केलेलं वेल्डिंग) स्वस्त म्हणजे हलकं काम आणि आर्गॉन (त्या गॅसच्या आडोशाने केलेलं) महाग म्हणजे भारी काम. अहो भाजी आहे का ती? आधी काढायचं जोडात धातू किती पडणार. मी स्वतः टेप लावून मोजलंय (सकाळी साडेसहाला, त्यावरूनही कुणीतरी तक्रार केली). सगळे जोड मिळून २२ मीटर, ४ एमएमचं फिलेट (कोपऱ्यात भरायचा तिकोनी जोड, त्याची बाजू ४ एमएम), मीटरला साधारण ६३ ग्रॅम, म्हणजे १.४ किलो, धरा दीड.

आता रॉडने केलं तर थोटूक फेकायचं, स्लॅग (जोडावरचं कवच) जातो, ठिणग्या उडतात, जोडात रॉडचा साधारण ६० टक्केच भाग उतरतो, म्हणजे अडीच किलो रॉड लागले. फार तर चार-पाचशे रुपये. खर्च रॉडचा नसतोच हो, माणसाच्या तासाचा असतो. आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) चालू असताना तासाला किलोभर धातू पडतो, पण आर्क चालू असतो वेळेच्या पावपट, बाकी रॉड बदलणं, चिपिंग (स्लॅग ठोकून काढणं), जागा बदलणं. म्हणजे सहा तास. कटिंग, सेटिंग, ग्राइंडिंग धरून दोन माणसांचे दोन दिवस. सीओटू (रॉडऐवजी सलग वायर आणि सीओटू गॅस) त्याहून फास्ट, वायर जवळजवळ सगळी जोडात जाते, शॉपमध्ये मी डोळे झाकून तेच लावलं असतं, पण आपल्या टेरेसवर वारा इतका की गॅस उडून जाणार आणि जोडात भोकं राहणार. शिवाय सिलिंडर वर न्यायचा कसा, लिफ्टमध्ये तर सेक्रेटरींच्या मुलाची सायकल असते.

आर्गॉन सगळ्यात सावकाश. स्टेनलेस स्टीलच्या पातळ पाइपला, दिसायला सुंदर बीड (जोडाची रेघ) हवा असेल तिथे ठीक, आणि वारा त्यालाही चालत नाही. आपलं गेट साधं एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंडच), त्यावर रेडऑक्साइड आणि काळा ऑइलपेंट बसणार, ते सुंदर बीड बघणार कोण? तरी धरू आर्गॉनच. तासाला अर्धा किलो म्हटलं तरी आर्क तीन तास, मिनिटाला १० लिटर गॅस, म्हणजे १,८०० लिटर. मोठा सिलिंडर ७ घनमीटरचा, त्याचा पाव भाग. कोटेशनमध्ये दोन सिलिंडर लावलेत! दोन सिलिंडर म्हणजे २३ तास सलग आर्क. एवढ्यात आख्ख्या गल्लीची गेटं होतील.

आणि फिलेट लिहिलंय ६ एमएम. पाइप २ एमएम जाडीचा. ४ चं ६ केलं की धातू सव्वादोनपट लागतो, पैसे सव्वादोनपट, आणि पाइपला भोक पडणार ते वेगळंच. हे कुणी वाचलं का?

२०१९ ला टाकीच्या स्टँडचं काम याच माणसाने केलं, दुपारी दोन वाजता, कॉमन मीटरमधून वीज घेऊन, खाली पाण्याची बादली नाही, ठिणग्या पडून माझ्या स्कूटरच्या सीटला तीन भोकं पडली. अजून आहेत, दाखवू शकतो. मी तेव्हा काही बोललो नाही. (दोनच पत्रं लिहिली.) पार्किंगच्या पट्ट्यांचं, मोटारच्या बिलाचं, गणपतीच्या मांडवाचं मी इथे काढत नाही. माझ्या बाल्कनीची ग्रिल बाहेर आल्याचा विषय सेक्रेटरी काढतील, तो पूर्ण वेगळा आहे, आणि ती माझ्या खर्चाने झालीये.

माझं म्हणणं इतकंच : ॲडव्हान्सचा चेक थांबवा. तीन कोटेशनं घ्या, तिघांनाही एकच जोडाची लांबी आणि एकच फिलेट द्या, आणि मजुरी, मटेरियल, गॅस वेगवेगळं लिहून मागा. कोटेशनची कॉपी मला द्या, बी विंगमधल्या आठ घरांनाही हवी आहे (पाच जणांशी बोललोय, बाकीचे नाही म्हणणार नाहीत). काम सुरू झाल्यावर मी खाली खुर्ची टाकून बसेन, त्याचे पैसे नकोत.

या वेळी पत्राची पोच सही-शिक्क्यासह हवी, आणि शिक्का सेक्रेटरींच्या घरी असतो हे कारण नको.

आपला,
बी विंग, दुसरा मजला, डावीकडचं घर