अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. गाईड ठरवायचं काम आमच्या मुख्याध्यापकांनी केलं होतं, आणि मी सहलीतल्या मुली मोजण्यात गुंतले होते. गळ्यात तुळशीची माळ, खांद्याला कापडी पिशवी, हातात टॉर्च, एवढीच तुमची खूण माझ्याजवळ आहे. परतताना बसची घाई झाली आणि नीट बोलायचं राहून गेलं. हे पत्र तुमच्या ओळखीच्या कुणाच्या नजरेस पडलं तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावं, म्हणून असं उघड लिहितेय.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे सांगायचं तर आधी घरातलं थोडं सांगावं लागेल. माझा धाकटा भाऊ सहलीच्या काही महिने आधी गेला. रात्री जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. भेटायला येणारी माणसं चांगल्या मनानेच यायची, पण जो तो एकच सांगायचा. आत्मा अमर आहे. तुम्ही रडलात तर त्याला पुढची गती मिळत नाही. तू थोरली, शिकलेली. तूच असं केलंस तर आईने कुणाकडे बघायचं? दिवसकार्य होईपर्यंत घरात गरुडपुराणाचं वाचन चालू होतं आणि मी आत चहा टाकत होते. पुढे शाळेत रुजू झाले, पेपर तपासले, सहलीचे फॉर्म भरून घेतले. सगळे म्हणायचे, बाईंनी छान सावरलं. आपण रडलो तर आपली समज कमी पडली असा त्याचा अर्थ होईल, ही भीती माझ्या मनात पक्की बसली होती.

त्या दिवशी तुम्ही मुलींना पहिल्या लेण्यापासून छान फिरवलंत. टॉर्च एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून धरून बुद्धाच्या चेहऱ्यावरचा भाव कसा बदलतो ते दाखवलंत तेव्हा त्या चक्क गप्प झाल्या. १० नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ साली खांबावर आपलं नाव कोरलं, तेही सांगितलंत. पण माझं लक्ष लागलं ते १६ नंबरच्या लेण्यात. तिथलं ते चित्र, ज्याला लोक मरणासन्न राजकन्या म्हणतात. मान एका बाजूला कललेली, बोटं सैल पडलेली, मागून एक दासी तिला सावरतेय. तुम्ही मुलींना म्हणालात, "हिला काही आजार झालेला नाही पोरींनो. हिचा नवरा नंद, बुद्धाचा सावत्र भाऊ. तो भिक्खू झाला. त्याचा मुकुट घेऊन सेवक घरी आलाय, तो बघून ही कोसळली." मुली पुढे गेल्या. मी तिथेच उभी राहिले. ज्या विहारात भिक्खू राहायचे, ध्यान करायचे, त्याच विहाराच्या भिंतीवर, एक माणूस भिक्खू झाला म्हणून मोडून पडलेली बाई कुणीतरी इतक्या मायेने रंगवली होती. ते झाकावं असं कुणाला वाटलं नाही. तुमची नजर माझ्याकडे गेली असणार, पण तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत.

२६ नंबरला पोचलो तेव्हा मुली दमल्या होत्या. बाकीच्या बाई त्यांना घेऊन बाहेर सावलीत बसल्या. मी डाव्या हाताच्या भिंतीशी गेले. सात मीटरच्या आसपास लांबीची ती बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची, म्हणजे देह ठेवतानाची, मूर्ती, दोन शालवृक्षांच्या मधे, उजव्या कुशीवर, गालाखाली हात. तुम्ही मागून आलात आणि विचारलंत, "ताई, घरातलं कोणी गेलंय का?"

मी मान हलवली. तुम्ही सांत्वनाचा एक शब्दही काढला नाहीत, त्याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही टॉर्च खाली वळवलीत. बुद्धाच्या मंचकाखाली जी रांग आहे, तिच्यावरून ती हळूहळू नेलीत. कुणी गालावर हात टेकून बसलाय, कुणाची मान खाली गेलीय. मग टॉर्च वर नेलीत, तिथे आकाशात देव स्वागताला आलेत, वाद्यं वाजताहेत. "वरचं पण खरं आणि खालचं पण खरं," तुम्ही म्हणालात. "कारागिराने एकाच भिंतीत दोन्ही कोरलंय. खालचे रडतायत म्हणून त्यांना अडाणी नाही दाखवलं त्याने."

मग तुम्ही आनंद नावाच्या बुद्धाच्या शिष्याची गोष्ट सांगितलीत. वर्षानुवर्षं बुद्धाची सेवा केलेला तो शिष्य विहाराच्या दाराला टेकून रडत होता, की मी अजून शिकतोच आहे आणि माझ्यावर माया करणारे माझे गुरू निघाले. बुद्धाने विचारलं, आनंद कुठे आहे? त्याला बोलावून घेतलं. शोक करू नकोस, जे जे प्रिय ते दुरावणारच, हे मी सांगितलंच होतं, असं म्हणाले खरं. पण तिथेच थांबले नाहीत. तू माझी किती मनापासून सेवा केलीस, हे त्याला सांगितलं आणि सगळ्या भिक्खूंसमोर त्याचं कौतुक केलं. घरी आल्यावर मी महापरिनिब्बान सुत्ताचा, म्हणजे बुद्धाच्या शेवटच्या दिवसांची हकिगत सांगणाऱ्या पाली सुत्ताचा, मराठी अनुवाद मिळवून वाचला. तुम्ही सांगितलंत तसंच आहे.

आणि तुमच्या गळ्यातल्या माळेला साजेसं तुम्ही आणखी एक बोललात. "आळंदीला तरी काय वेगळं झालं? ज्ञानोबांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथ रडले. थोरले भाऊ आणि वर गुरू. त्यांना काय ज्ञान कमी होतं?" काका, समाधीचे अभंग मी आठवीला शिकवलेत. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी धावावं, तशी निवृत्तिनाथांची अवस्था नामदेवांनी सांगितली आहे, त्याचा अर्थ फळ्यावर लिहून दिलाय. १२९६ साली इंद्रायणीकाठी एक थोरला भाऊ धाकट्यासाठी रडला, हे मला ठाऊक होतं. पण थोरल्या बहिणीलाही ते चालतं, हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिथे, त्या खांबाला धरून, मी पहिल्यांदा पोटभर रडले. तुम्ही टॉर्च बंद करून दाराशी जाऊन उभे राहिलात आणि आत येणाऱ्या एका ग्रुपला म्हणालात, "जरा पाच मिनिटं थांबा, आधी बाहेरची नक्षी बघू." ते मी ऐकलं होतं.

निघताना तुम्ही दर्शनी भिंतीवरचा शिलालेख दाखवलात. पाचव्या शतकातला, भिक्खू बुद्धभद्राचा. अश्मक देशाच्या राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा मित्र, त्याच्यासाठी आणि स्वतःच्या आईवडिलांसाठी त्याने हे लेणं करवलं. जगात कीर्ती असेतोवर माणूस स्वर्गात आनंद भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं काही डोंगरात करून ठेवावं, असा त्यातल्या ओळींचा अर्थ तुम्ही सांगितलात. हे सगळं अनित्य आहे, हे ज्याने आयुष्यभर शिकवलं असेल, घरदार सोडलं असेल, त्याने मित्राचं आणि आईवडिलांचं नाव एवढ्या मोठ्या कातळात घातलं. मला हे फार धीराचं वाटतं. वैराग्य सांगणाऱ्या धर्मांनाही माणसाची माया पुसून टाकता आलेली नाही, आणि त्यांच्यातल्या मोठ्या माणसांना ती पुसायचीही नव्हती, असं मी आता ठामपणे म्हणते. नातेवाइकांत म्हटलं तर एकदोघांना राग आला. येऊ दे.

त्यानंतर घरात बदल झाला तो एवढाच की भावाचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं. त्याला आवडायची म्हणून आई परवा मुद्दाम वांग्याची भाजी करत होती. करता करता रडली, मीही रडले, मग दोघी जेवलो. कुणी कुणाला गप्प केलं नाही. त्याचे कपडे कपाटातून काढून मी ओळखीतल्या एका मुलाला दिले. त्याची एक घडी केलेली शाल मात्र ठेवून घेतली आहे.

तुम्हाला त्या दिवशी ठरलेल्या पैशांपलीकडे काही मिळालं नाही, आणि तुम्ही मागितलंही नाही. काका, मी तुमची फार ऋणी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन येतेय. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरलाय. तिचे गुडघे दुखतात, तेव्हा डोली करावी लागेल. थेट २६ नंबरला आधी नेतात का, की वाटेत सगळीकडे थांबतात, ते विचारायचं होतं. तिकीट खिडकीपाशी माळेच्या काकांची चौकशी करीन. तुम्ही असलात तर आईला तो बुद्धभद्राचा शिलालेख तुम्हीच वाचून दाखवा.

आपली,
नाशिकच्या शाळेतल्या बाई