कोपराची ट्यूब पापणीला

कोल्हापूर
१४ ऑक्टोबर

प्रिय कुंदे,

तुझा २ जुलैचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. "शैले, पापण्या सोलवटल्यात, खाज थांबत नाही, काय लावू?" त्याखाली माझं उत्तर, "ओपीडीत आहे, रात्री फोन करते." ती रात्र साडेतीन महिने उगवली नाही. परवा मुक्ताच्या घरच्या दसऱ्याचे फोटो आले, त्यात तुझा चेहरा मोठा करून बघितला आणि लगेच फोन लावला. तर तू ऐटीत, "तुझी वाट कोण बघतंय! कोपराची ट्यूब होती की घरात. दोन दिवसांत साफ!" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, ते हॉस्टेलपासूनचं आहे, म्हणून कागद घेतला.

माझा गुडघा तसाच. शुगर बरी. झालं.

आता ऐक. ती ट्यूब क्लोबेटासॉलची. लावायच्या स्टेरॉइडांची उतरंड मांडली तर हे सगळ्यात वरचं मडकं आणि हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात खालचं. कोपरावरच्या सोरायसिसच्या जाड चट्ट्याला ते लागतं, म्हणून तुला दिलं. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, खाली चरबीचा थर नाही. कोपरावर जे मलम वरवर बसून राहतं ते पापणीतून सरळ आत जातं. दोन दिवसांत साफ झालं यावर माझा विश्वास आहे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा उठलं, पहिल्यापेक्षा लाल, आणि तू पुन्हा ट्यूब दाबलीस, हे तू सांगितलं नाहीस तरी फोटोत दिसतंय. वरच्या पापणीला चकाकी आलीय, पतंगाच्या कागदासारखी बारीक चुणी पडलीय, कडेला दोन-तीन लाल केशवाहिन्या. कातडी पातळ होत चालल्याची ही खूण.

आणि त्याहून मोठी गोष्ट अण्णांची. त्यांच्या डाव्या डोळ्यात आपण दोघी आलटून पालटून थेंब घालायचो ते आठवतंय ना? काचबिंदू ज्याच्या घरात, त्याच्या डोळ्याचा दाब स्टेरॉइडने चढायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. दाब चढला तर दुखत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. कळतं तेव्हा गेलेलं परत येत नाही, ते आपण बघितलंय. मोतीबिंदूही लवकर धरू शकतो. म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. "पापणीला साडेतीन महिने क्लोबेटासॉल, वडिलांना काचबिंदू" असं या शब्दांत सांग. "क्रीम लावत होते" एवढ्यावर भागवू नकोस. साधारण १० ते २१ हा दाब नेहमीचा धरतात, पण नुसत्या आकड्यावर समाधान मानू नकोस, आतली नसही बघायला सांग.

ट्यूब पापणीवरून आजच बंद. कोपराला तुझ्या डॉक्टरांनी सांगितली तशी लाव, पण लावून झाल्यावर हात साबणाने धू. कोपराचं बोट डोळ्याला जातं, तिथूनही पोचतं. बंद केल्यावर आठ-पंधरा दिवस पापण्या सूड उगवतील. लाली, जळजळ, सकाळी उठल्यावर सूज. तेव्हा घाबरून पुन्हा ट्यूब उघडलीस तर सगळं पहिल्यापासून. तुझ्याकडच्या स्किनवाल्या बाईंना भेट आणि हे पत्र दाखव. मी असते तर उतरायला पायरी म्हणून १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस दिलं असतं. मग ते बंद करून टॅक्रोलिमस ०.०३ टक्के. ते स्टेरॉइड नाही. कातडी पातळ करत नाही, डोळ्याचा दाब चढवत नाही.

टॅक्रोलिमस लावल्यावर पहिले चार-सहा दिवस मिरची चिरलेला हात लागल्यासारखं भगभगतं. निम्मे पेशंट इथेच ते सोडतात आणि "ॲलर्जी आली" म्हणतात. तोंड धुतल्यावर लगेच लावू नकोस, पंधरा-वीस मिनिटं थांब, पापणी पूर्ण कोरडी होऊ दे. ट्यूब फ्रिजच्या दारात ठेव, थंड असलं की कमी झोंबतं. पाकिटातल्या कागदावर कॅन्सरचा इशारा वाचशील आणि मला रात्री अकराला फोन करशील, म्हणून आधीच सांगते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली तो छापायला लावला. पोटात घ्यायच्या मोठ्या डोसवरून आणि जनावरांवरच्या प्रयोगांवरून आलेली ती भीती. पापणीला दाणाभर लावणाऱ्या बाईला त्यातून धोका असल्याचा पक्का पुरावा पुढे आलेला नाही. उन्हात गॉगल लाव म्हणजे झालं.

दाणाभर म्हणजे खरोखर दाणाभर. तू भाजीत मीठ टाकतेस तसं नको (तुझ्या त्या पिठल्याचा विषय मी काढलेला नाही). बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून रेघ काढली की अर्धा ग्रॅम होतं आणि तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तुला एका डोळ्याच्या दोन्ही पापण्यांना मिळून तांदळाचा एक दाणा पुरे. दहा ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांच्या आत संपली तर तू जास्त लावतेयस. अनामिकेवर घे, कारण ते बोट जोर करत नाही. डोळा मिटून वरच्या पापणीच्या घडीत ठिपके दे आणि टेकवत टेकवत पसर. घासायचं नाही. पापणीच्या केसांपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांब, मलम उबेने आपलं आपण पुढे सरकतं. खालच्या बाजूला हाडाच्या कडेवरच ठेव. आडवं व्हायच्या अर्धा तास आधी लाव, नाहीतर अर्धं उशीला आणि अर्धं डोळ्यात. पापण्या शांत झाल्या की एकदम बंद न करता आठवड्यातून दोन रात्री चालू ठेवतात, परत परत उठणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.

बाकी पापणीला फक्त कोमट पाणी. फेसवॉश नको, बेबी शॅम्पूही नको, त्यातल्या फेसकारक द्रव्याचीच काहींना ॲलर्जी असते. टॉवेलने टिपायचं. ज्या वेळी औषध नसेल तेव्हा साधी पांढरी, वासाची नसलेली व्हॅसलीन. पाणी नसल्यामुळे तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, म्हणून ती झोंबत नाही. कोरफड, एरंडेल, गुलाबपाणी, तुझ्या जाऊबाईंचं तुळशीच्या रसाचं प्रकरण, सगळं बंद. काजळसुद्धा. हो, काजळसुद्धा, मला माहीत आहे तू कुठे थांबणार ते.

आता आपलं भांडण. तू म्हणतेस हा सोरायसिसच, कारण कोपराला आहे. मला पटत नाही. पापणीवरच्या सोरायसिसची कड रेखल्यासारखी असते, पापुद्रा जाडसर, कधी पापण्यांच्या केसांनाही कोंडा चिकटतो, आणि खाज असली तरी ती मुख्य तक्रार नसते. तुझी कड कुठे संपते ते कळत नाही, सूज आहे, आणि मेसेजमध्येच खाजेचं रडगाणं होतं. ही एक्झिमाची लक्षणं. दोन्ही एकत्रही असू शकतं, कारण सोरायसिसच्या माणसाने कातडी खाजवली की तिथे नवा चट्टा उठू शकतो. टॅक्रोलिमस दोन्हीला चालतं, तेव्हा औषधावरून वाद नको. वाद कारणावरून आहे. सोरायसिस आतून येतो. पापणीचा एक्झिमा बरेचदा बाहेरून आणलेला असतो, आणि आणणारी वस्तू सापडली नाही तर कोणतंही मलम धडपणे टिकत नाही.

माझा पहिला संशय तुझ्या टेकडीवर. पावसाळ्यात काँग्रेस गवत कंबरभर होतं आणि तू रोज सकाळी त्यातून चालतेस. पुण्यातच १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं, आता देशभर आहे. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य हवेतल्या धुळीबरोबर येऊन पापणीच्या घडीत बसतं, वाळलेल्या झाडाचा चुरासुद्धा पुरतो. तेव्हा "हिवाळ्यात गवत जळून जातं की" हा युक्तिवाद करू नकोस. आरशात बघ. कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या आणि कोपराच्या आतल्या घडीत काही आहे का? नुसत्या उन्हाने होणारा त्रास या सावलीतल्या जागा सोडतो, हवेतून येणारा सोडत नाही. महिनाभर टेकडी सोडून मैदानात चाल. तुझ्या मंडळींना सांग डॉक्टरने बंदी घातली, शिव्या मला पडू देत.

दुसरा संशय नखांवर. मुक्ताच्या लग्नात लावलेलं ते चकचकीत जेल प्रकरण दर महिन्याला चालू आहे म्हणे. त्यातल्या ॲक्रिलेट नावाच्या रसायनाची ॲलर्जी बोटांना काहीच करत नाही असं होऊ शकतं, कारण तिथली कातडी जाड. हात दिवसातून शंभरदा डोळ्याला जातो आणि फुटते पापणी. "नखाजवळ काहीच नाही, मग नखपॉलिश कसं?" हे मी रोज ऐकते. ते उतरवलंस की नखंही दिसतील. टाचणीने टोचल्यासारखे खळगे असले तर सोरायसिसच्या बाजूने तुझा एक मुद्दा, मी मान्य करीन. तिसरा कलप. लावतेस ना अजून?

तिन्ही सोडून दीड महिन्यात फरक पडला नाही तर पॅच टेस्ट. पाठीवर वीसेक द्रव्यांच्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणून ऑक्टोबरच्या घामात करू नकोस, चकत्या सुटतात. डिसेंबरमध्ये कर.

एवढं मात्र लक्षात ठेव. पिवळी खपली, किंवा एका बाजूला घोळक्याने पाण्याचे दुखरे फोड, किंवा डोळाच लाल होऊन उजेड सोसेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर, माझ्या फोनची वाट न बघता. माझ्या फोनचा लौकिक तुला ठाऊकच आहे.

मुक्ताचं घर छान दिसतंय, जावई जाड झालाय. तुझ्या निवृत्तीचे कागद झाले का? दादांच्या पायाचं काय? लिही. डोळ्याचा दाब मोजला की दोन्ही आकडे आधी पाठव, बाकी गप्पा नंतर.

तुझी
शैला

ता. क. पाकीट चिकटवताना फोटो पुन्हा बघितला. तुझ्या अंबाड्यात शेवंतीची वेणी आहे. शेवंती काँग्रेस गवताच्याच कुळातली, एकाची ॲलर्जी असली की दुसरीचीही असते बरेचदा. दिवाळीला अबोली माळ.