लाटणं पुरे झालं, आता कांदेपोहे छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

रविवारच्या पानावर तुम्ही जे विनोद छापता त्याबद्दल लिहून राहिले आहे, राग मानू नका. परवाच्या सात विनोदांपैकी पाचात बायको होती, तिघींच्या हातात लाटणं होतं आणि एक माहेरी गेली म्हणून नवरा पेढे वाटत होता. आमच्याकडे रविवारी सकाळी हे कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणतात आणि पुडा सोडायच्या आधीच पेपर उघडून मोठ्यांदा वाचायला लागतात, नवरा डॉक्टरला म्हणतो वगैरे, आणि शेवटची ओळ यायच्या आत स्वतःच इतके हसतात की मला पूर्ण विनोद कधी ऐकायला मिळतच नाही. तशी गरजही नाही म्हणा, हाच विनोद मी १९८७ साली आमच्या लग्नाच्या पंगतीत यांच्या आत्याच्या यजमानांकडून ऐकलाय. तेव्हा त्यात डॉक्टरच्या जागी वैद्यबुवा होते एवढंच.

माझं म्हणणं असं की लग्नं जमताना घराघरांत जे खरं घडतं ते यापेक्षा कितीतरी मजेदार असतं, ते वाचकांकडून मागवा आणि छापा. आणि इंदूरला तर काय तोटा! तिकडे महाराष्ट्रात कांदेपोहे म्हटलं की मुलगी बघायचा कार्यक्रम, आणि आपण इथे रोज सकाळी उठून पोहे खातो, मग रोज कोणाला बघून येतो सांगा बरं?

गेल्या थंडीत माझ्या भाचीला बघायला पुण्याहून मंडळी आली होती, त्या एका दिवसाचंच सांगते. आधी मुलाच्या आईचा फोन, तुमच्याकडे घरात मराठीच बोलतात ना? तिकडच्या लोकांना हे विचारावंच लागतं, मल्हारराव होळकरांपासून आपण इथे आहोत तरी त्यांना वाटतं परवाच बदली होऊन आलो. वहिनी म्हणाली, "हो हो, आपण तर एकदम शुद्ध मराठीच बोलतो, तुम्ही बिलकुल फिकर नका करू, आरामसे या."

तर ते आले, सोसायटीच्या गेटवरून त्या बाईंनी फोन केला आणि नेमका उचलला आमच्या आईने, वय चौऱ्यांशी, ऐकू येतं पण जेवढं पाहिजे तेवढंच. त्या म्हणाल्या, "आम्ही आलोय, मुलगा खालीच आहे, गाडी लावतोय." आईने गाडीपर्यंत ऐकलंच नाही. फोन ठेवून तिने घरभर सांगितलं, "अगं, मुलगा खाली आहे म्हणे!" आता तुम्हाला माहितीये आपल्याकडे खाली बसलाय म्हणजे काय ते, काम ना धंदा. घरात सन्नाटा. वहिनीच्या हातातला झारा तसाच, बायोडाटात तर मोठी कंपनी लिहिली होती! दादा म्हणाला मी बघतो, आणि पाहुणे बसून पाणी पिऊन होत नाहीत तोच याने मुलाला गंभीरपणे विचारलं,

"मग, कधीपासून?"

"काय काका?"

"खाली."

मुलगा घड्याळात बघून म्हणाला, "पाच मिनिटं झाली असतील, पार्किंग मिळत नव्हतं."

हे तुमच्या सगळ्या लाटण्यांच्या वरचं आहे की नाही? पुढे ऐका. पोहे घरचे करायचे की दुकानातले यावर आदल्या रात्री बैठक झाली होती. वहिनी म्हणे पुण्याच्या पद्धतीने करू, वरून ओलं खोबरं कोथिंबीर, कारण आपल्या वाफेवरच्या पोह्यांत बडीशेप दिसली की ते लोक निवडत बसतील. दादा म्हणे इंदूरला येऊन पुण्याचे पोहे खायचे तर आलेच कशाला. शेवटी पोहे पुण्याचे आणि सोबत वाटीत शेव, वाटीत जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा आपला तिखट-आंबट मसाला हो), ताटलीत जिलबी असा तह झाला. मुलाच्या वडिलांनी जीरावणाची वाटी पाहिली, "वा, मेतकूट!" म्हणाले आणि चांगले दोन चमचे पोह्यांवर घालून कालवले. मिरची, काळं मीठ, आमचूर, सगळं एकदम. भाची ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तिला बघायच्या अवस्थेतच ते राहिले नव्हते, डोळ्यांतून पाणी, तोंडाला रुमाल. आमच्या आईला गहिवरून आलं, किती प्रेमळ सासरा, मुलीला बघूनच डोळे भरले. मग ते जिलबीवर जिलबी खात सुटले आणि चौथ्या जिलबीनंतर म्हणाले, आता कळलं पोह्यांबरोबर ही का देतात.

मुलामुलीला एकांतात बोलायला पाठवायचं ठरलं. बाहेरगावी म्हणे कॉफी शॉपमध्ये पाठवतात, आमच्या दादाने पाठवलं सराफ्यात, रात्री साडेदहाला! दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, पण रात्री ती बंद झाली की खाण्याचे ठेले, आणि जिथे अर्धं इंदूर उभं राहून खाऊन राहिलं असतं तिथे एकांत. बिचारे एका बंद पेढीच्या पायरीवर गराडूच्या तळलेल्या कंदाचा दोना घेऊन बसले, तर पहिल्या दहा मिनिटांत एक मावशी, तिच्या दोन नणंदा आणि आमचे दूधवाले भेटून गेले. भुट्ट्याच्या किसाच्या लाइनीत तर मुलीचे शाळेचे सर, त्यांनी मुलाला पगार पण विचारला. इथवर ठीक होतं, पण त्या मावशीने घरी जाऊन उज्जैनला फोन लावला की मी दोघांना सराफ्यात बघितलं. उज्जैनच्या काकूंनी सरळ हिशेब केला, सराफ्यात म्हणजे मंगळसूत्र! रात्री सव्वाअकराला दादाला अभिनंदनाचा फोन, किती तोळ्याचं केलं? समोर सोफ्यावर मुलाचे आईवडील बसलेले आणि दादाचा मोबाइल स्पीकरवर.

लग्न वैशाखात झालं. इंदूरहून कोणी पुण्याला निघालं की व्याही आता जीरावण मागवतात, चहाचा चमचा कसा अर्धा भरायचा ते स्वतः दुसऱ्यांना शिकवतात.

आता थोडं घरचं, कारण दुसऱ्यांचंच सांगितलं तर आमच्या घरात भांडण होईल. आमचं लग्न कागदोपत्री ठरवून झालेलं आहे, पण खरं म्हणजे होळकर कॉलेजला आम्ही दोन वर्षं एकाच टेम्पोने जायचो, समोरासमोरच्या बाकांवर, गुडघ्याला गुडघे लागायचे त्या टेम्पोत, तिथे ओळख व्हायला वेगळं काही करावं लागत नाही. मग यांनी कोणत्यातरी काकांमार्फत रीतसर स्थळ पाठवलं आणि दोघांनी शपथ घेतली की पहिल्यांदाच बघून राहिलो असं वागायचं. कार्यक्रम अगदी नीट चालला होता. यांच्या आत्याने मला सुई ओवायला दिली (नजर तपासायला हो, तेव्हा असंच असायचं), चालून दाखवायला लावलं, नाव विचारलं, मी खाली मान घालून सांगितलं. हे छताकडे बघत बसले होते, फारच छान अॅक्टिंग. मग चहा आला, माझ्या आईने मलाही कप दिला आणि साखर घालायला लागली तर हे एकदम म्हणाले, "नको नको, ती बिनसाखरेचा घेते."

खोलीत असा शुकशुकाट झाला की बाहेरच्या भाजीवाल्याचा आवाज ऐकू आला. माझ्या वडिलांनी कप बशीत ठेवला. यांची आत्या मात्र हुशार बाई, म्हणाली, "पत्रिकेत असेल हो, आजकाल गुरुजी सगळं लिहितात." आणि सगळी मोठी माणसं इतक्या लगेच हसली की मला कळलं, या सगळ्यांना आधीपासून माहिती होतं, टेम्पोवाल्यानेच सांगितलं असणार. माझे वडील फक्त हसले नाहीत, त्यांना म्हणे खरंच पत्रिका परत वाचायची होती.

तर साहेब, एक छोटा चौकोन द्या फक्त, नावं न छापता. आमच्या सुदामा नगरातल्या एका गल्लीतूनच तुम्हाला वर्षभर पुरेल एवढं मिळेल. बायकोचे विनोद पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, महिन्यातून एखादा चालेल, यांची सवय एकदम सुटायची नाही.

हे पत्र पाठवायच्या आधी यांना वाचायला दिलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, परत उलटून वर बघितलं आणि विचारलं, "सगळं बरोबर आहे, पण यात मी हसायचं कुठे?"

आपली,
एक जुनी वाचक, सुदामा नगर, इंदूर