यंदा मार्चमध्ये मी येत नाहीये

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मी लगेच तिकीट काढून बसले असते, म्हणून लिहितेय. २० मार्चच्या चिमणी दिनाला जोडून इथे वसंत पक्षी महोत्सव आहे आणि लहान मुलांची पक्षीफेरी मी घेणार, असं सांगून टाकलंय. विचारून सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण हे पुढे नाही ढकलता येत हो, विणीचे दिवस हेच, पक्षी बोलतात ते आत्ताच. आणि खरं सांगू, कोणी जबरदस्ती नाही केली, मलाच हवं होतं.

बाबा, आठवतं? मागे कोणीतरी भांडी ठोकतंय असं मला वाटायचं. तुम्ही माझी हनुवटी धरून मान वळवलीत, त्या वाळक्या फांदीवर एवढासा हिरवा तांबट, कपाळ लाल, चोच बंद आणि गळा नुसता फुगतोय, टुक टुक टुक. मुलांना तेच दाखवणार आहे. रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलवायचा नाही हे आधीच बजावलंय, दुसरा नर आलाय समजून तो बिचारा भांडायला येतो.

माझी काळजी करू नका. साडेसहाला निघून साडेनवाच्या आत परत, टोपी आहे, पाण्याची बाटली आहे, झोप पूर्ण होते. (बरं, जवळजवळ पूर्ण.)

आता तुमचं. बाबा, पाण्याचं भांडं ठेवायला स्टुलावर चढायचं नाही म्हणजे नाही, मागच्या वर्षीचं पुरे झालं. कठड्यावर पसरट भांडं ठेवा, दोन बोटं पाणी, रोज बदला. गोळी घेऊन मगच बाल्कनीत. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणलाय. आणि ती वाळकी फांदी तोडायला माणूस आला तर पावसापर्यंत थांबवा, तांबट तिच्यातच घर कोरतो.

एप्रिलमध्ये येतेय, चांगली आठ दिवस. रागावला असाल तर तेव्हा रागवा, समोर.

कोकीळ सुरू झाला की फोन करा, पण दहानंतर. आणि बाबा, त्यावरून परत आईशी वाद नको, कुहू कुहू करतो तो काळा नरच, मादी ठिपक्याठिपक्यांची असते. आईचंच बरोबर होतं.

तुमची,
चिमणी