काका, तुम्हाला ऐकू न येणारा 'स'

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला कुणालाही भाषण करू द्यायचं नाही, अशी तुमची सक्त ताकीद असल्याचं काकूंनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दाम चारचौघांत लिहितेय. एखाद्या घरात वर्षा-सव्वा वर्षाचं बाळ हाकेला वळत नसेल, तर त्या घरातल्या कुणाच्या तरी नजरेला हे पडावं असं फार वाटतं.

२०१५ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला तुम्ही दोघं खालच्या मजल्यावरून आमच्याकडे आला होतात. खाली पार्किंगमध्ये पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. खिडकीची तावदानं थरथरली, माझ्या हातातल्या ताटातले बत्तासे जमिनीवर घरंगळले. आमचे चिरंजीव पाळण्यात टक्क जागे होते. पापणीसुद्धा लवली नाही. "किती धीट आहे गं!" असं सासूबाई कौतुकानं म्हणाल्या आणि सगळे हसले. तुम्ही तेवढे पाळण्याजवळ जाऊन उभे राहिलात आणि दुसरा बॉम्ब फुटेपर्यंत तिथून हलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर आलात. चहा नको म्हणालात, तेव्हाच काहीतरी आहे हे मला कळलं. "पोरी, याला चार संध्याकाळ आमच्याकडे घेऊन येशील?" एवढंच विचारलंत.

तोवर आम्ही दोन ठिकाणी दाखवलं होतं. एका डॉक्टरांनी त्याच्या कानामागे टाळी वाजवली, तो वळला, आणि "मुलगे उशिराच बोलतात" असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. सासूबाईंचाही दाखला होताच, याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला म्हणून. मी त्या दाखल्याला घट्ट धरून बसले होते.

तुमच्या घरातल्या त्या चार संध्याकाळी मला आजही जशाच्या तशा दिसतात. दिवाणावर गोधडीच्या चार घड्या आणि त्यावर तो. समोर काकू, हातात एक साधी लाकडी बाहुली. तुम्ही त्याच्या मागे, हाताच्या अंतराहून थोडे लांब, आणि खोलीतला दिवा अशा बाजूला की तुमची सावली त्याच्या पुढ्यात पडू नये. गोधडी कशाला, असं मी विचारलं. ताट पडलं की फरशी हादरते आणि ते त्याला बुडाखालून कळतं, म्हणालात. टाळी जवळ वाजवली तर मानेला वारा लागतो. दार उघडलं तर उजेड बदलतो. हे एकेक वगळायचं आणि मग उरेल तो फक्त आवाज. खुळखुळा, देवघरातली घंटा, त्याचं नाव, आणि कुजबुजून म्हटलेला 'श'. वहीत रकाने आखले होते: कोणता आवाज, किती अंतर, कोणती बाजू, वळला की नाही. शेवटचा रकाना 'शंका'. चाळीस वेळा आवाज केलात, तीनदा तो वळला, आणि त्या तीनपैकी दोन वेळांपुढे तुम्ही शंकेच्या रकान्यात फुली मारली होती.

मग म्हणालात, "मला कानातलं कळत नाही, मी डॉक्टर नाही. पण हा आवाजाला वळत नाही, हलण्याला वळतो. याची बेरा तपासणी करून घे."

मी तेव्हा तुमच्यावर चिडले, काका. जिना चढताना रडले आणि नंतर आठ दिवस तुमच्याकडे फिरकले नाही. लिफ्टमध्ये भेटलात तर मान खाली घातली. त्याची माफी मी कधी मागितली नाही, ती आज मागते. आठव्या दिवशी काकू डब्यातून पुरणपोळी घेऊन आल्या आणि त्यांनी विषयसुद्धा काढला नाही. त्या गेल्यावर मी फोन करून तपासणीची वेळ घेतली.

बेरासाठी बाळाला गाढ झोपवावं लागतं, कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात, आणि आवाज मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते यंत्र मोजतं. दोन्ही कानांना ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही, असा रिपोर्ट हातात पडला. मला आकडा समजेना. तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसून रिपोर्टच्या पाकिटावर पेन्सिलीनं मांडून दाखवलंत. दर २० डेसिबलला आवाजाच्या लाटेचा दाब १० पट होतो. म्हणजे आपल्याला जेमतेम ऐकू येतं त्याच्या ३० हजार पट दाबाची लाट कानावर आदळली, तरी याच्यापर्यंत काही पोचत नाही. "हा हट्टी नाही आणि मंदही नाही. याच्याकडे आवाज आलेलाच नाही," असं म्हणालात. त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने काढले.

दाब मोजणं हेच तुमचं आयुष्यभराचं काम, हे मला त्यानंतर हळूहळू कळत गेलं. १९६८ साली फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून तुम्ही पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे शस्त्रास्त्रांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत लागलात आणि २००४ ला निवृत्त झालात. मधल्या ३६ वर्षांबद्दल तुम्ही जे छापून आलंय तेवढंच बोलता. २६ जानेवारीच्या संचलनात टीव्हीवर 'पिनाक' रॉकेट लाँचर आला की "४४ सेकंदांत १२ रॉकेटं" एवढं म्हणून गप्प बसता. पण तोफेच्या नळीत दाब कसा मोजायचे, हे एकदा तुम्ही काकूंच्या कणकेवर दाखवलंत. तांब्याची छोटी कांडी ठेवायची, बार उडाला की ती चेपते, आणि किती चेपली ते मोजून आतला दाब काढायचा. हवेच्या दाबाच्या सुमारे ३००० पट, आणि तोही काही मिलिसेकंदांपुरता. पुढे क्वार्ट्‌झचे स्फटिक आले आणि दाबाचा अख्खा आलेखच मिळू लागला. एरवी मोजून मापून बोलणारे तुम्ही, त्या आलेखाच्या चढाबद्दल सांगताना कणकेचा हात तसाच धरून अर्धा तास बोलत होतात आणि काकू पोळ्यांसाठी ताटकळत उभ्या होत्या.

चांदीपूरच्या गोष्टी मात्र काकूंकडून कळल्या. ओडिशातल्या त्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरतो, म्हणून डागलेले गोळे वाळूतून परत शोधून आणता येतात. इंग्रजांनी १८९५ पासून तिथे चाचण्या सुरू केल्या त्या यासाठीच. १९७४ साली तुम्ही तिथे ट्रायलवर होतात आणि इकडे ताई जन्मली. तार तुम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाली. धाकटीच्या वेळी तुम्ही वाळवंटातल्या तोफा डागायच्या रेंजवर. पत्रं यायची ती हवापाणी, जेवण आणि मुलींच्या वजनाच्या चौकशीची. कुठे आहात, काय करताय, त्याचा एक शब्द नाही. "वजनाचा तक्ता मात्र मागवून घ्यायचे," असं काकू सांगतात. तो तक्ता तुमच्या कपाटात अजून आहे, मी पाहिलाय.

आणि त्या रेंजनीच तुमचे कान नेले. सुरुवातीच्या वर्षांत कापसाचे बोळे घालून तुम्ही तोफेपाशी उभे राहायचात. तिथे दाबाची लाट १७० डेसिबलच्या वर जाते. कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, गेलेली एकही परत उगवत नाही, आणि उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या. "दाराशी बसलेल्यांना पहिला मार," असं म्हणून तुम्ही तुमच्या स्वतःच्या कानांच्या तपासणीचा आलेख मला दाखवलात. ४००० हर्ट्‌झपाशी त्याला खोल खळगा होता.

पुढचं वर्ष तर तुमच्याच आधारावर निघालं. दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणाऱ्या सरकारी एडिप योजनेचे कागद तुम्ही लावून दिलेत. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठी असलेल्या संस्थेत पहाटेची गाडी पकडून दोनदा माझ्याबरोबर आलात, बहात्तरीला टेकलेले असताना, फाइल छातीशी धरून. कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे कानाच्या शंखात ऐकण्याच्या मशीनची तार बसवायचं ऑपरेशन पुण्यातच झालं, तेव्हा तो बावीस महिन्यांचा होता. तीन आठवड्यांनी मशीन चालू केलं. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत मुलं हसतात, हा मात्र किंचाळून रडला, आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही घड्याळात वेळ पाहून वहीत लिहिलीत आणि म्हणालात, "रडला म्हणजे पोचलं."

मग रोज सकाळी साडेसातला तुमच्या घरी डॅनियल लिंग या तज्ज्ञाचे सहा ध्वनी. आ, ऊ, ई, म, श, स. एवढे सहा ऐकू आले तर बोलण्यातले सगळे उंच-नीच आवाज पोचताहेत असं समजायचं. आ म्हणजे विमान, ऊ म्हणजे आगगाडी, श म्हणजे झोपलेलं बाळ, स म्हणजे साप. ओठ दिसले तर मूल ओठ वाचतं, आणि तोंडावर हात धरला तर आवाज दबतो. म्हणून तुम्ही काकूंची कशिद्याची रिंग घेतलीत, तिच्यावर विरळ मलमल ताणलीत आणि ती तोंडापुढे धरायला लागलात.

अडचण 'स'ची होती, सहांतला सगळ्यांत उंच पट्टीचा आवाज तो. तो परत 'स' म्हणाला की 'श', हे तुमच्या कानांना कळेना. तुम्ही ते कबूल केलंत आणि उपायही काढलात. काकू त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, हातात झारा. बरोबर असेल तर अंगठा वर. तुम्ही तो अंगठा पाहून मुलाला टाळी द्यायचात. दोन वर्षं, रोज, सणवार सोडून. काकूंच्या कितीतरी पोळ्या त्या पायी करपल्या, त्यांचेही आभार याच पत्रात मानते.

तो तुम्हाला 'आबा' म्हणाला त्या दिवशी तुम्ही उठून गच्चीवर गेलात. मी मागोमाग आले. "माझ्या दोन्ही पोरींचे पहिले शब्द मी ऐकलेले नाहीत," असं तुम्ही म्हणालात. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. आपण दोघं टाकीजवळ उभे राहिलो आणि मग तुम्ही म्हणालात, चला, 'ई' राहिलाय.

आता तो अकरा वर्षांचा आहे, साध्या मराठी शाळेत जातो, वर्गात मागून गप्पा मारतो म्हणून बाईंची तक्रार येते. त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. गेल्या वर्षी त्यानंच तुम्हाला कानाच्या मशीनसाठी हट्ट करून नेलं. ताईनं अमेरिकेतून दहा वर्षं फोनवर सांगून जे झालं नव्हतं, ते त्यानं "आबा, घाबरू नका, मी आत थांबतो" एवढ्यावर केलं. घरी आल्यावर तुम्हाला खुर्चीत बसवलं, ती रिंग तोंडापुढे धरली आणि सहाही ध्वनी घेतले. पाचव्यापर्यंत तुम्ही धडाधड सांगितलेत. सहाव्याला थांबलात, डोळे मिटलेत, मग म्हणालात, "स." काकू सवयीनं दारात उभ्या होत्या. त्यांनी अंगठा वर केला, पण तुम्ही तिकडे पाहिलंच नव्हतंत.

रविवारी आम्ही सगळे सकाळी आठलाच येतो. ८१ दिव्यांच्या वाती सासूबाईंनी वळून ठेवल्यात. तुमच्या मशीनचे सेल संपत आले असतील, चिरंजीव येताना नवीन पाकीट आणतोय. ३१२ नंबरचेच ना?

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक