हरकतीची नोटीस स्टेशनच्या पुलावर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टेशनबाहेरच्या मंडईच्या आरक्षित भूखंडावर आता वाहनतळ आणि व्यापारी संकुल होणार, यावरून आमच्याकडे सध्या चांगलीच जुंपली आहे. विरोध करणारा तो विकासविरोधी आणि पाठिंबा देणारा तो बिल्डरचा माणूस, असे शिक्के मारून दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या आहेत. माझा विरोध इमारतीच्या उंचीला नाही. दाट वस्ती स्टेशनजवळच असावी. गावाबाहेर माळावर टॉवर उभे करून माणसांना रोज दोन रिक्षा बदलायला लावण्यापेक्षा ते केव्हाही बरे. माझी तक्रार निर्णय ज्या रीतीने झाला तिच्याबद्दल आहे.

मंजूर विकास आराखड्यात असा फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नोटीस काढावी लागते. महिनाभरात हरकती-सूचना मागवायच्या, बाधितांची सुनावणी घ्यायची आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा, असा क्रम आहे. आमची नोटीस मुख्यालयातल्या फलकावर होती, निविदा आणि बदल्यांचे आदेश यांच्या मधोमध. सोबत नकाशाही होता, पण ए-फोर कागदावरची काळी-पांढरी झेरॉक्स. आराखड्यात निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, उद्यान हिरवे असते. झेरॉक्समध्ये सगळेच करडे. हरकतीचा अर्ज घेऊन गेलो तर टेबलामागच्या बाबूंनी आधी विचारले, "सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणलंय का?" नाही म्हटल्यावर, "मग तुम्ही बाधित कसे, काका?" अर्जावर आवक क्रमांक टाकून दिला, हेच उपकार.

खरी मेख इथे आहे. कायद्याप्रमाणे हरकत कोणालाही घेता येते, सुनावणी मात्र बाधितांना. आणि बाधित म्हणजे जमीनमालक, असा सोयीचा अर्थ लावला की काम सोपे होते. संध्याकाळची एखादी फास्ट रिकामी होते तेव्हा पुलाच्या पायथ्याशी येऊन बघा. शेअर रिक्षाची रांग भाजीवाल्यांच्या पाट्यांना वळसा घालून पार मेडिकलच्या दुकानापर्यंत गेलेली असते, त्यातूनच दुचाकीवाले हॉर्न वाजवत वाट काढतात आणि मेथीची जुडी घ्यायला कोणी वाकले की मागची सगळी गर्दी थबकते. या भाजीवाल्या बायकांना बसायला जागा मिळावी म्हणूनच तर मंडईचे आरक्षण होते! त्या बाधित नाहीत, रांगेतले प्रवासी बाधित नाहीत, मग कोण आहे? आणि पार्किंग कोणासाठी? पुलावरून उतरणारी बहुतेक माणसे चालत किंवा रिक्षाने घरी जातात.

स्टेशनभोवतीच्या जमिनीचा निर्णय आणि स्टेशनातली गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या की काय होते, ते परळने दाखवले आहे. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि तेवढाच म्हाडाला मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे वाढली, जिने होते तेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी परळला लागूनच असलेल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 23 जण चेंगरून गेले. त्याला ती एक दुरुस्तीच कारण होती असे मी म्हणत नाही. पण जमिनीवर किती माणसे येणार आणि जिना किती रुंद आहे, हे दोन कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत, हे उघड आहे.

हरकतींनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना मुंबईच्या 2015 च्या प्रारूप आराखड्याची आठवण करून द्यावीशी वाटते. लोकांनी नकाशे उघडून पाहिले, चुका दाखवल्या, हरकतींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावे लागले. नकाशा दिसला म्हणून हे झाले.

आमच्याकडे तर सभागृहातली चर्चाही झालेली नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली, मुंबई-ठाण्याची 2022 च्या मार्चमध्ये. त्यानंतर सगळीकडे वर्षानुवर्षे प्रशासक होते. ठराव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. आमचा फेरबदल त्याच काळातला.

कायदा बदलायची गरज नाही. राजपत्राखेरीज नोटीस आणखी कोणत्या रीतीने प्रसिद्ध करायची, हे ठरवण्याचा अधिकार कलम 37 नेच महापालिकेला दिला आहे. मग रेल्वेची परवानगी घेऊन स्टेशनच्या पुलावर आणि रिक्षा स्टँडवर रंगीत, मोठा नकाशा मराठी खुणांसह महिनाभर लावायला काय हरकत आहे? वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स तिथे परवानगीवाचून लागतातच. सुनावणीला येणाऱ्याकडे सातबारा मागू नये आणि हरकत फेटाळली तर कारण लेखी कळवावे.

प्रस्ताव आता नगरविकास विभागाकडे आहे. मंजुरी देण्याआधी चौकशी करण्याची आणि प्रस्ताव नाकारण्याचीही मुभा शासनाला आहे. तेव्हा विभागाने निदान ही सुनावणी पुन्हा घ्यायला लावावी आणि तोवर मंजुरीची अधिसूचना काढू नये, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक नियमित वाचक आणि मध्य रेल्वेचा पासधारक,
जि. ठाणे